ठिणगीचा क्षण : मोटारीतील सदृश व अंकीय प्रज्वलन

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात शिरते, दट्ट्या ते दाबतो आणि विजेची ठिणगी पडून ते पेट घेते. या क्रियेस प्रज्वलन म्हणतात. ठिणगी पाडणे तितकेसे अवघड नाही. ती केव्हा पाडावयाची, हा खरा प्रश्न होय.

वेळेचे महत्त्व

मिश्रण पेटल्यावर ज्वाला पसरण्यास काही काळ लागतो. हा काळ सोयीसाठी सेकंदाचा पाचशेवा भाग मानू. इंजिनाचा भुजादंड मिनिटाला १,००० फेरे करीत असेल, तर तेवढ्या अवधीत तो १२ अंश फिरतो. ३,००० फेरे करीत असेल, तर ३६ अंश. वेग वाढल्यावर मिश्रणाची घुसळण वाढून ज्वालाही काहीशी जलद पसरते, म्हणून प्रत्यक्षातील फरक याहून कमी असतो. तथापि वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडली पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते. ती फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच विरोध होतो, इंजिन ठोके देऊ लागते आणि कालांतराने दट्ट्याला इजा पोहोचते. उशिरा पडली, तर उष्णता वाया जाते, इंजिन तापते व पेट्रोल अधिक लागते.

सदृश पद्धती

१९१०च्या सुमारास अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने कॅडिलॅक मोटारीसाठी विद्युत्‌घटावर चालणारी जी प्रज्वलन योजना सिद्ध केली, तिचेच तत्त्व पुढे अनेक दशके जगभर वापरले गेले. आपल्याकडील जुन्या ॲम्बेसेडर व पद्मिनी मोटारींतही तीच योजना होती. कॉइलमधील प्रवाह ‘पॉइंट’ नावाचे दोन संपर्क उघडून एकाएकी तोडला, की दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब निर्माण होतो व प्लगच्या फटीत ठिणगी पडते.

वेळ मागेपुढे करण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान वजने करतात. वेग वाढला, की ती स्प्रिंगचा ताण ओलांडून बाहेर सरकतात आणि ठिणगी आधी पडते. भार हलका असता इंजिनाच्या शोषनळीतील निर्वात एका लवचिक पडद्यास ओढतो व ठिणगी आणखी आधी येते. वजनांचे सरकणे हे वेगाचे जणू प्रतिरूपच असते. तराजूचा काटा जसा वजनाबरोबर हळूहळू कलतो, तसे येथे एक राशी दुसरीच्या बरोबरीने बदलते; म्हणून ही पद्धती सदृश होय.

तिचा दोष झिजेत आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्यांस सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. तितक्याच वेळा पॉइंट उघडतात. ते जळतात, फट बदलते आणि तिच्याबरोबर ठिणगीची वेळही ढळते. पुढे पॉइंटांच्या जागी ट्रान्झिस्टर आला व ही झीज थांबली; परंतु तशा अनेक इंजिनांत वेळ ठरविणारी वजने मात्र तीच राहिली.

अंकीय पद्धती

१९७७ साली ओल्डस्मोबील टोरोनॅडो या मोटारीत ठिणगीची वेळ सूक्ष्मप्रक्रियकाकडे सोपविण्यात आली. अशा पद्धतीत भुजादंडाशी एक दातेरी चाक असते. पुष्कळ मोटारींत त्यावर ६० दात्यांची जागा असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. संवेदक दाते मोजतो. रिकामी जागा आली, की भुजादंडाची स्थिती कळते. जपमाळेचे मणी मोजताना मेरुमण्याने जी खूण मिळते, तशीच ही. मग वेग, भार व तापमान यांचे आकडे घेऊन संगणक आपल्या स्मृतीतील कोष्टकातून योग्य वेळ काढतो. ठोके ऐकणारा संवेदक असल्यास ठिणगी तत्काळ थोडी मागे घेतली जाते. वजने व स्प्रिंग यांना एकच ठराविक वळण देता येते. कोष्टकाला तसे बंधन नसते.

निवड कशी करावी?

नव्या मोटारीत हा प्रश्न उरलेला नाही. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र आवश्यक झाले. ठिणगी चुकली, तर न जळलेले पेट्रोल त्या पात्रात जाऊन जळते व अतिउष्णतेने पात्र निकामी होऊ शकते. तेथे अंकीय अचूकताच हवी.

जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीचा विचार निराळा आहे. पॉइंट बिघडले, तर कारागीर रस्त्याच्या कडेला ते घासून, पट्टीने फट मोजून मोटार चालू करू शकतो. बंद पेटीतील संगणक बिघडल्यास ती पेटीच बदलावी लागते. अशा मोटारीस पॉइंटांच्या जागी ट्रान्झिस्टर बसविणे हा मध्यम मार्ग बहुधा पुरेसा ठरतो. इंजिनाची रचना बदलून त्याची शक्ती वाढविली असेल, तर मूळ वजनांचे वळण त्यास जुळत नाही. तेथे अंकीय कोष्टकाचा खर्च सार्थकी लागतो.

मात्र कोणतीही पद्धती निवडण्यापूर्वी प्लग, तारा व कॉइल तपासून घ्याव्यात. तार सदोष असेल, तर वेळ कितीही अचूक मोजली, तरी ठिणगी पडेलच असे नाही.