लोगोमागचा काळा चौकोन

बातम्यांमधली नावाची पट्टी, गिरकी घेत येणारा लोगो, लग्नाच्या व्हिडिओवर उमलणारी अक्षरं. मोशन ग्राफिक्सची अशी कामं करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारा प्रकार ठरलेला आहे. बनवताना मागची बाजू पारदर्शक दिसत असते, फाइल एक्स्पोर्ट होते, आणि एडिटरच्या टाइमलाइनवर टाकली की लोगोमागे काळाकुट्ट चौकोन उभा राहतो. मग सॉफ्टवेअरला शिव्या बसतात, ग्राफिक्स कार्डावर संशय जातो, क्वालिटीचा आकडा शंभरावर नेऊन पुन्हा रेंडर लावला जातो. चौकोन जागचा हलत नाही. हलेल कसा? बहुतेक वेळा तिथे बिघाड झालेलाच नसतो. संगणकाने जे मागितलं तेच दिलेलं असतं, आणि मागणीत पारदर्शकता नव्हती.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. ठिपका किती झाकणारा आणि किती आरपार, हे सांगणारा चौथा आकडा म्हणजे अल्फा. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली चित्रावर चित्र रचण्याचं गणित पक्कं केलं. पण चौथा आकडा म्हणजे जादा ओझं. १९२० बाय १०८०च्या एका चौकटीचे चार आकडे साठवायला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दहा सेकंदांच्या लोगोला, काहीही न आवळता, दोन गिगाबाइट. हे आवळण्याचं काम कोडेकचं, आणि जे लागणार नाही ते टाकून देणं हीच त्याची कला. मोबाइलपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे चालणारा, २००३ साली आलेला एच.२६४ हा कोडेक तयार झालेलं चित्र प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्यासाठी घडवला गेला. प्रेक्षकाला लोगोच्या मागे काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून रोजच्या वापरातला एच.२६४ अल्फा सरळ सोडून देतो आणि रिकाम्या जागी बहुधा काळा रंग उरतो. क्वालिटी वाढवली की तोच काळा रंग अधिक सुबक मिळतो, एवढंच.

‘पण मी तर एमओव्हीमध्येच काढलं होतं’ ही तक्रार इथे हमखास येते. एमओव्ही हा नुसता डबा आहे. आत कोणता कोडेक आहे ते झाकणावरून कळत नाही. त्याच डब्यात एच.२६४ असेल तर पारदर्शकता नाही, प्रोरेस ४२२ असेल तरी नाही, प्रोरेस ४४४४ असेल तर आहे. त्यातला शेवटचा चार अल्फासाठीच आहे. शिवाय आफ्टर इफेक्ट्समध्ये योग्य कोडेक निवडूनही चॅनलच्या खान्यात ‘आरजीबी + अल्फा’ निवडायचं राहिलं, तर वजनदार फाइल मिळते आणि चौकोन राहतोच. याच्या उलटही घडतं. अल्फा फाइलमध्ये नीट असतो, पण साधा प्लेयर मागे काळं दाखवतो आणि माणूस बिनचूक फाइल खोडून टाकतो. तेव्हा निर्णय प्लेयरवर सोपवू नये. फाइल टाइमलाइनवर एखाद्या भडक रंगावर ठेवावी, म्हणजे खरं काय ते दिसतं.

चौकोनापेक्षा फसवी असते ती अक्षरांची मळकी कड. कडेचा ठिपका अर्धाच झाकलेला असतो. त्याचा रंग दोन तऱ्हांनी साठवता येतो. ‘स्ट्रेट’ पद्धतीत पांढऱ्या अक्षराच्या कडेला पूर्ण २५५ लिहिलं जातं आणि अल्फा निम्मा ठेवला जातो. ‘प्रीमल्टिप्लाइड’ पद्धतीत रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो, म्हणजे तिथे १२८ लिहिलेलं असतं. आता एडिटरने दुसऱ्या तऱ्हेची फाइल पहिल्या तऱ्हेची समजून वाचली, तर १२८ पुन्हा निम्मं होऊन ६४ उरतात. मागच्या पांढऱ्याचे १२७ मिळवले की १९१, म्हणजे स्वच्छ करडा. पांढरं अक्षर पांढऱ्या पार्श्वभूमीवर खरं तर गायब व्हायला हवं. करडी रेघ उरली तर अर्थ लावण्यात चूक आहे. देवनागरीत ही खोट लपत नाही, कारण अक्षरं वरखाली सरकताना शिरोरेषेची अख्खी कड एकदम अर्धी झाकली जाते आणि शब्दभर करडा धागा ओढला जातो. एडिटरमध्ये त्या क्लिपच्या अल्फाचा प्रकार बदलला की तो जातो. नव्याने रेंडर लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? काळ्या पार्श्वभूमीवरच काढा आणि ‘स्क्रीन’ ब्लेंड लावा. आग, ठिणग्या, प्रकाशाचे झोत यांना ते चालतं आणि खुशाल करावं. पण या पद्धतीत काळं म्हणजे अदृश्य, त्यामुळे लोगोची सावली आणि काळी अक्षरं दोन्ही पुसली जातात. आकाराचा आक्षेप जास्त रास्त आहे. एचडी व्हिडिओला प्रोरेस ४४४४ सेकंदाला सुमारे ३३० मेगाबिट खातो, तेही अल्फा न धरता. एडिटरकडे जाणाऱ्या काही सेकंदांच्या फाइलसाठी ते सोसावं, नाहीतर पीएनजी चित्रांची मालिका द्यावी. तिचा जादा फायदा असा की रेंडर मध्येच बंद पडला तर तिथून पुढचंच काढावं लागतं. सॉफ्टवेअरने आधी सावध करायला हवं, हेही मान्य. मात्र फाइल कुठे जाणार आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

वेबसाइटचं उदाहरण घ्या. तिथे एवढी जड फाइल टाकणं वेडेपणा ठरेल. क्रोमला वेबएममधला व्हीपी९ पारदर्शकतेसह चालतो. सफारीसाठी मात्र अल्फा असलेला एचईव्हीसी लागतो, ज्याला ॲपलने २०१९मध्ये आधार दिला. त्यामुळे साइटवर फिरणाऱ्या एकाच लोगोच्या दोन फाइल काढाव्या लागतात, आणि दोन्ही आपापल्या ब्राउझरमध्ये, रंगीत पानावर ठेवून वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.