लुळा हात ओढू नका

अंगावरून वारं गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं. चालेल का, संडासला एकटा जाईल का? लुळा हात लोंबतच राहतो. काही आठवड्यांनी खांदा ठणकू लागतो. कुशीवर होता येत नाही, सदऱ्याची बाही चढवताना माणूस कळवळतो. लकवा म्हटल्यावर हे सोसायचंच, असं घरचे धरून चालतात. पण यातलं बरंचसं दुखणं टाळता येतं.

खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात टिकतो तो मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. मेंदूचा हुकूम थांबला की हे स्नायू ढिले पडतात, हाताचं वजन माथ्याला खाली खेचतं आणि खांद्याच्या टोकाखाली बोटभर खाच लागते. पुढे अनेकांमध्ये उलट घडतं. छातीचे आणि खांद्याच्या आतल्या बाजूचे स्नायू ताठरतात, दंड अंगाशी आवळला जातो, सांध्याचं आवरण आखडतं.

हात डोक्यावर नेताना 180 अंशांपैकी साधारण 120 अंश सांध्यातून आणि 60 अंश पाठीवरचं खवाट्याचं हाड फिरल्यामुळे मिळतात. लकव्यात खवाटा साथ देत नाही. अशा वेळी हात बळेच वर ओढला, तर दोन हाडांमध्ये स्नायूंच्या दोऱ्या चिमटतात. छताला कप्पी टांगून दोरीने हात वर ओढण्याचा व्यायाम याचमुळे घातक ठरतो. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या 28 रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात कप्पी वापरणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांचा खांदा दुखू लागला. थेरपिस्टने हळुवार हलवलेल्या हातांत हे प्रमाण 8 टक्के होतं. तरीही काही घरांत कप्पी टांगलेली दिसते, आणि तीही मोठ्या आशेने.

थेरपिस्टकडे रोज जाणं मात्र सगळ्यांना जमत नाही. बीड जिल्ह्यातले हजारो ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन दूरच्या फडांवर जातात. मागे घरात म्हातारी माणसं उरतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बीडला रोज व्यायामासाठी नेणार कोण? अशा घरात थेरपिस्टचं काम म्हातारीलाच करावं लागतं. म्हणून सुट्टी देतानाच्या कागदावर गोळ्यांइतक्याच ठळकपणे हात कसा धरायचा तेही लिहावं, आणि घरच्यांकडून एकदा करवून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

उठवताना बगलेत हात घालू नये, लुळा हात धरून ओढू नये. कमरेला आधार द्यावा. बसल्यावर हात उशीवर किंवा पाटावर ठेवावा. सदरा घालताना लुळी बाजू आधी, काढताना शेवटी. गळ्यातली झोळी उभं राहताना, चालताना बांधावी. दिवसभर बांधली तर हात वाकलेलाच आखडतो. व्यायाम देताना एका हाताने खवाटा धरावा, दंड बाहेरच्या बाजूला वळता ठेवावा, आणि थेरपिस्टने शिकवल्याशिवाय हात खांद्याच्या उंचीपलीकडे नेऊ नये.

ढिल्या स्नायूंना विजेच्या सौम्य झटक्यांनी चालना देता येते; सुरुवातीच्या महिन्यांत दिली तर सांधा खाली उतरणं कमी होतं, दुखण्यावर मात्र तिचा तितका भरवसा नाही. ताठरलेल्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात, पण ते महाग आहे. खांद्याबरोबर पंजाही सुजला, लाल किंवा गरम झाला, बोटांना हात लावू देत नाही असं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.