ओव्हरहेड प्रोजेक्टरचा बल्ब उडाला तर

आधी प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग थांबा. हॅलोजन बल्बची काच चालू असताना 250 अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, ती निवायला जास्तच वेळ घेते. मध्येच वीज गेली तर आतला पंखाही बंद पडतो, तेव्हा तर घाई मुळीच नको.

नवा बल्ब जुन्यावरचे आकडे पाहूनच घ्या. सहसा 24 व्होल्ट 250 वॅट किंवा 36 व्होल्ट 400 वॅट असतात. 24 चा बल्ब 36 च्या यंत्रात लगेच उडतो.

खरे जपायचे ते काचेला. ती क्वार्ट्झची असते. बोटांचा घाम, तेल लागले की तापल्यावर त्या जागी ती पांढुरकी पडते, फुगते, कधी तडकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हात कोरडे कुठून असणार? म्हणून बल्ब वेष्टनातच धरा आणि दोन्ही पिना सॉकेटमध्ये सरळ दाबा. बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करा.

काही यंत्रांत जादा बल्ब आतच बसवलेला असतो, खटका सरकवला की तो जागेवर येतो. केळीवरच्या करपा रोगाची चित्रे प्रोजेक्टरवर शेतकऱ्यांना दाखवायची असतील, तर तो पेटतो का हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा.