हलक्या काठीला कोणती दोरी?

संध्याकाळी मेळ्याच्या मैदानावर मी सात फुटी रॉड हलवत उभी राहिले की क्रिकेट खेळणारी पोरं हमखास विचारतात, "दीदी, यहाँ मछली कहाँ है?" मासा नसतोच. दोरीच्या टोकाला गळही नसतो, लाल लोकरीचा तुकडा बांधलेला असतो. हा फ्लाय फिशिंगचा सराव. मागच्या वर्षी मात्र माझा दोन महिन्यांचा सराव वाया गेला. चूक हाताची नव्हती, दोरीची होती, आणि हे कळायला मामा यावा लागला.

नेहमीच्या गळाला शिसं लावतात. शिसं पुढे जातं, दोरी त्याच्यामागे फरफटत जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही. तो फेकला तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीत असतं. दोरी मागे उलगडते, तिच्या ओढीनं काठी वाकते, आणि काठी सरळ होताना दोरीला पुढे भिरकावते. आसुडासारखं. (आसूड म्हटलं की आपल्या वर्गात लगेच जोतीराव निघतात, पण इथे खरोखरचाच आसूड डोळ्यांपुढे आणा.)

काठी वाकायला किती वजन लागेल, ते काठीवरच्या नंबरावरून कळतं. पूर्वी रेशमी दोऱ्या असत, त्यांना जवस तेल लावून सुकवत आणि जाडीवरून त्यांची प्रत ठरवत. नायलॉन आणि प्लॅस्टिक आल्यावर तेवढ्याच जाडीचं वजन वेगळं भरू लागलं आणि घोळ झाला. म्हणून अमेरिकेत वजनावरून नंबर ठरले: दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन, ग्रेनमध्ये. 3 नंबर म्हणजे 100 ग्रेन, 4 म्हणजे 120, 5 म्हणजे 140. ग्रेन परका वाटत असेल तर आजीच्या दागिन्यांचा हिशेब आठवा. एक तोळा म्हणजे 180 ग्रेन. म्हणजे 3 नंबरची 30 फूट दोरी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त, साधारण साडेसहा ग्रॅम.

माझ्या रॉडवर 3 लिहिलं होतं. दुकानदारानं 3 नंबरची दोरी दिली आणि विषय संपवला. तसं त्याचं काही चुकलं नव्हतं. पण हिशेब 30 फुटांचा आहे, आणि लहान ओढ्यात 30 फूट दोरी बाहेर काढतो कोण?

मामा मला हिमाचलात तीर्थन नदीवर घेऊन गेला होता. (ट्राउट तिथला मूळचा मासा नाही, इंग्रजांनी आणलेला. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते.) तिच्या बाजूच्या नाल्यांत मासा आपल्यापासून फार तर 25 फुटांवर. त्यातले 7 फूट रॉडचे, साडेसात फूट लीडरचे, म्हणजे टोकाच्या बारीक पारदर्शक दोऱ्याचे. उरले दहा-साडेदहा फूट. तेवढ्या दोरीचं वजन 35 ग्रेनच्या आतच, कारण दोरी टोकाकडे निमुळती होत जाते. दोन ग्रॅम धरा, एक नाजूक अंगठी. एवढ्याशा वजनानं माझी कडक कार्बनची काठी वाकेल कशाला? मी हातानं जोर लावत राहिले आणि दोरी गुंतत राहिली. त्यात माझ्या दोरीचं निमुळतं टोक फारच लांब होतं. त्यानं फ्लाय पाण्यावर अलगद उतरतो हे खरं, पण जवळच्या फेकीत वजन आणखी कमी मिळतं.

मामानं त्याची 4 नंबरची दोरी चढवली, आणि वीस फुटांवर पहिल्यांदा काठी वाकल्याचं मनगटाला कळलं. म्हणून माझं मत: काठी कडक असेल आणि ओढा लहान, तर एक नंबर वर जा. फायबरग्लास किंवा बांबूची काठी मुळातच मऊ असते, तिला लिहिलेलाच नंबर द्या. नाहीतर ती ओल्या छडीसारखी लोळते. पन्नास फुटांची फेक करायची असेल तर वरचा नंबर जड पडेल, पण ओढ्यात पन्नास फुटांवर झुडूपच असतं. आणि खोक्यावर ग्रेन छापलेले असतील तर नंबरापेक्षा ते वाचा. हल्ली काही कंपन्या 4 लिहून साडेचारचं वजन भरतात.

दुसरा प्रश्न आकाराचा. वेट फॉरवर्ड दोरीत जाड भाग पुढे आणि मागे लांब बारीक शेपूट, लांब फेकीसाठी. डबल टेपर दोन्ही टोकांना सारखी निमुळती, मधे जाड. पहिल्या 30 फुटांत दोघींत फारसा फरक नाही. पण मागे झाडं असतील तर दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे लोळवावी लागते, आणि ते डबल टेपरला छान जमतं. शिवाय एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते. विद्यार्थ्याच्या खिशाला हे मोठं कारण आहे. दोरी तरंगणारीच घ्या. रंगावर वाद घालू नका, माशाजवळ लीडर जातो, दोरी नाही.

ग्वाल्हेरकरांनी एक लक्षात ठेवावं. ट्राउटच्या दोऱ्या थंड पाण्यासाठी बनवतात. आपल्या मे महिन्यात त्या मऊ, चिकट होतात आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाहीत. सराव पहाटे करा, दोरी गाडीत ठेवू नका. डीट असलेलं डासांचं मलम हाताला असेल तर आधी हात धुवा, त्यानं दोरीचं प्लॅस्टिक खराब होतं. आणि उत्साहात चंबळवर जाऊ नका. ते घडियालांचं अभयारण्य आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे.

शेवटी मी आणि मामानं मिळून 4 नंबरची नवी डबल टेपर घेतली, 90 फुटी. माझ्या चिमुकल्या रिळावर ती मावेना. मग मामानं कात्री मागितली आणि बरोबर मधोमध कापली. माझा जीव वरखाली झाला. पण 45 फूट मला भरपूर होतात, आता उलटी करायची सोय तेवढी गेली. अर्धी त्याच्या रिळावर, अर्धी माझ्या. माझ्या वाट्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत, पण दोघांच्या रिळांवर दोरीखाली गुंडाळायचा दोरा मात्र मलाच आणायला लावला.