इलेक्ट्रॉन लहरी सोडतो, आणि गिळतोही!

तुमच्या फोनचा अँटेना लहरी पाठवतो आणि पकडतोही. ही दोन्ही कामं करतात त्यातले इलेक्ट्रॉन. ते मागे-पुढे हलले की लहर निघते. बाहेरून लहर आली की तिची ऊर्जा घेऊन ते हलतात. आकाशगंगेतही हेच चालतं. फक्त तिथे इलेक्ट्रॉनला फिरवतं ते चुंबकीय क्षेत्र.

लहर निघते कशी?

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन स्प्रिंगच्या आकारात गोल फिरत पुढे सरकतो. दिशा सतत बदलत असल्याने तो ऊर्जा बाहेर टाकतो. आकाशगंगेतलं क्षेत्र सुमारे 5 मायक्रोगॉस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या हिश्श्याएवढं. त्यात संथ इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम 14 फेऱ्या मारतो.

पण वेग प्रकाशाच्या जवळ गेला की सगळं प्रारण पुढच्या बाजूला, अरुंद झोतात निघतं. रात्री करूळ घाटात वळणाऱ्या गाडीचा हेडलाइट क्षणभरच डोळ्यांवर येतो ना, तसं. चमक जितकी छोटी, तितकी वारंवारता जास्त. इलेक्ट्रॉनची ऊर्जा 10,000 पट झाली, तर वारंवारता वाढते वर्गाने, म्हणजे 10 कोटी पट. 14 गुणिले 10 कोटी: साधारण 1.4 गिगाहर्ट्झ! हेच सिंक्रोट्रॉन प्रारण.

मग गिळतो कधी?

इलेक्ट्रॉनची गर्दी दाट असेल, तर एकाने सोडलेली लहर दुसरा शोषून घेतो. कमी वारंवारतेला हे शोषण जास्त होतं. घाटातल्या दाट धुक्यात फक्त अलीकडचा पडदा दिसतो, तसा त्या स्रोताचा फक्त बाहेरचा थर दिसतो. म्हणून वारंवारता कमी करत गेलं, की एका टप्प्यानंतर तेज घटू लागतं. हा टप्पा आणि स्रोताचा आकार कळला, की तिथलं चुंबकीय क्षेत्र किती, याचा अंदाज येतो. तिथे न जाता!

हे मोजणारी दुर्बीण आपल्याकडेच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्याही कमी वारंवारतेसाठीच बनवलेल्या. अडचण एकच: मोबाइलचे 700 आणि 900 मेगाहर्ट्झचे बँड याच पट्ट्यात येतात. दूरच्या दीर्घिकेतून आलेली लहर इतकी क्षीण असते, की जवळचा एक चालू फोनही तिला झाकून टाकू शकतो. त्यामुळे तिकडे गेलात, तर फोन बंद ठेवा.