धातूचा गडगडाट कसा टिपतात?

‘हेवी मेटल’ हे शब्द ऐकताच रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिसे, पारा, कॅडमियम अशा जड धातूंची आठवण होईल. परंतु याच नावाचा संगीताचा एक प्रकारही आहे. विजेवरील गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांच्या साथीने गायले जाणारे हे संगीत १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आकाराला आले. कुणाला ते भारदस्त वाटते, तर कुणाला नुसता गोंगाट! आवड ज्याची त्याची. पण हा आवाज तयार कसा होतो आणि ध्वनिमुद्रण करताना त्याचे वजन कसे टिकवतात हे पाहू लागलो, की आपल्या पाठ्यपुस्तकातील ध्वनीचे प्रकरणच डोळ्यांपुढे उभे राहते.

तुटलेली बोटे आणि उतरलेल्या तारा

टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक तुटले. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हातच अधू झाला. पण त्याने गिटार सोडली नाही. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चढवले आणि गिटारला बारीक तारा लावल्या. पुढे त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाने १९७१ मधील ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेतील काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या.

याचा उपयोग काय झाला? गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता ८२.४ हर्ट्झ असते. तीन अर्धस्वर उतरवल्यावर ती ६९.३ हर्ट्झ होते, म्हणजे मूळच्या ०.८४ पट. तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा ताण ०.८४ च्या वर्गाइतका, म्हणजे ०.७१ पट उरला. ताण २९ टक्क्यांनी कमी झाल्याने दुखऱ्या बोटांना तार दाबणे सोपे झाले आणि आवाजही अधिक खोल झाला.

माथा कापलेली लहर

विजेच्या गिटारला पोकळ भोपळा वा पेटी लागत नाही. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा प्रवाह ॲम्प्लिफायरमध्ये मोठा केला जातो.

परंतु प्रत्येक ॲम्प्लिफायरला मर्यादा असते. पाच लिटरच्या बादलीत दहा लिटर पाणी मावत नाही, तसेच येथेही घडते. प्रवाह मर्यादेपलीकडे वाढवू लागलो, की लहरीचे गोलसर माथे कापले जाऊन ती सपाट होते. यालाच विरूपण किंवा डिस्टॉर्शन म्हणतात. लहर दोन्ही बाजूंनी सारखी कापली गेली, तर मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा नव्या कंप्रता तिच्यात मिसळतात. ८२.४ हर्ट्झच्या शुद्ध स्वराबरोबर २४७ आणि ४१२ हर्ट्झचे अधिस्वर ऐकू येऊ लागतात. तंत्रज्ञ एरवी टाळतात तो हा दोष येथे मुद्दाम जोपासलेला असतो.

आपल्याला हे अगदीच परके नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा स्वर असाच अधिस्वरांनी भरून येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याच्या या गुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मार्ग वेगळा, पण फळ तेच: स्वर न बदलता त्याला तेज येते.

षड्ज-पंचमच का?

दोन स्वर एकत्र कापले गेले, की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा व वजाबाक्याही ऐकू येतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २ : ३. गिटारवर ८२.४ आणि सुमारे १२३.५ हर्ट्झ हे स्वर एकत्र छेडले, तर वजाबाकी येते सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे त्याच षड्जाचा खर्ज! कुणी न वाजवलेला हा स्वर मूळ स्वरांशी जुळतो आणि आवाज भक्कम होतो. षड्ज-गंधार घेतले तर? गिटारचे पडदे समान अर्धस्वरांचे असल्याने तिचा गंधार ४ : ५ या शुद्ध प्रमाणापेक्षा किंचित चढा असतो. त्यामुळे नव्या कंप्रता एकमेकींशी जुळत नाहीत आणि घरघर वाढते. हेवी मेटलमध्ये षड्ज-पंचमाची जोडी इतकी का वापरतात, याचे एक कारण येथे सापडते.

मायक्रोफोन कोठे ठेवावा?

विरूपित प्रवाह थेट ध्वनिमुद्रित केला तर तो चिडलेल्या गांधीलमाशीसारखा गुणगुणतो. तो गिटारच्या लाऊडस्पीकरमधून न्यावाच लागतो. बारा इंची जाड कागदी शंकू सुमारे ५,००० हर्ट्झच्या वर फारसा चपळाईने हलू शकत नाही. तो चाळणीसारखे काम करून कर्कश भाग गाळून टाकतो.

या स्पीकरच्या अगदी जवळ मायक्रोफोन ठेवतात. १९६५ साली बाजारात आलेला ‘शुअर एसएम ५७’ या कामी अजूनही वापरला जातो. शंकूच्या मध्यासमोर आवाज धारदार, तर कडेकडे नेल्यास मऊ मिळतो. दोन बोटे सरकवले तरी फरक कळतो. दोन मायक्रोफोन वापरले तर आणखी सावध राहावे लागते. समजा, दुसरा १७ सेंटिमीटर मागे आहे. ध्वनीला तेवढे अंतर कापण्यास अर्धा मिलिसेकंद लागतो. १,००० हर्ट्झच्या लहरीचा हा बरोबर अर्धा आवर्तकाल असल्याने एकीचा माथा दुसरीच्या दरीवर येतो आणि तो स्वर क्षीण होतो!

शेवटी वादक तीच धून दोनदा वाजवतो. एक वादन डाव्या स्पीकरला, दुसरे उजव्या स्पीकरला देतात. दोन वादने हुबेहूब सारखी कधीच नसतात. त्या सूक्ष्म फरकामुळेच आवाज रुंद वाटतो. नुसती नक्कल जोडली, तर आवाज मोठा होईल पण रुंद होणार नाही.

बेसची दुहेरी वाट

बेस गिटारची जाड तार ४१.२ हर्ट्झला कंप पावते. या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.३ मीटर, म्हणजे जवळजवळ वर्गखोलीच्या लांबीएवढी असते. अशा लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन खोलीत कोठे गडगडतात, तर कोठे नाहीशा होतात. म्हणून बेसचा प्रवाह खोलीत न सोडता तारेने थेट यंत्राकडे नेतात आणि त्यातून खालचे, स्वच्छ कंपन घेतात. त्याच वेळी दुसऱ्या वाटेने तो विरूपित करून फक्त वरचा भाग घेतात. गिटारच्या गर्दीत बेस ओळखू येतो तो या वरच्या भागामुळे. लहानशा रेडिओतून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाहीत. पण ८२, १२४, १६५ हे अधिस्वर ऐकून आपला मेंदू गैरहजर मूळ स्वर ताडतो.

करून पाहा

कंपासपेटीच्या उघड्या खोक्यावर रबरबँड ताणून छेडा. मग पोस्टकार्डाची कड कंप पावणाऱ्या रबराला हलकेच टेकवा. स्वराची उंची जवळजवळ तीच राहते, पण आवाज खरखरीत व चढा वाटतो. कंपनाचा मार्ग अडला, की नवे अधिस्वर जन्मतात.

यातच एक मोलाची गोष्ट दडली आहे. अधिस्वरांनी भरलेला आवाज हळू लावला तरी कानाला मोठा भासतो. मुद्रण करणाऱ्यांनी ‘वजन’ आधीच लहरीच्या आकारात घातलेले असते. ते मिळवण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवण्याची गरज नसते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच ऐकावा, असे मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात केवळ १५ मिनिटे! अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आयोमीला बोटांची टोपणे बनवता आली. केशपेशींची टोपणे अजून कुणालाही बनवता आलेली नाहीत.