शंख : देव्हाऱ्यातला शिकारी

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला एका ओळखीच्या घरी गेल्या वर्षी मला एक शंख दाखवण्यात आला. मुलाने तीर्थयात्रेहून 'उजवा' म्हणून आणलेला. त्यापायी भाताच्या अख्ख्या हंगामाचे पैसे गेले होते. खरा की खोटा, एवढेच घरच्यांना विचारायचे होते. पण हे सांगायला समुद्र गाठावा लागतो, आणि शहापूर-मुरबाडला समुद्र नाही. इथला कातळ लाव्हाचा.

मठ्ठ माणसाला आपण 'शंख' म्हणतो. प्रत्यक्ष प्राणी तसा नाही. शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. नात्याने तो गोगलगायच, पण शेतातली गोगलगाय पाला कुरतडते आणि हा मांसाहारी आहे. वाळूत नळ्या करून राहणारे किडे हुडकून, लांब सोंड आत घालून तो त्यांना खातो. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण त्याला दोन्ही अर्थांनी लागू पडते. अभिषेकाच्या वेळी ज्या निमुळत्या पन्हळीतून आपण पाणी सोडतो, तिच्यातून जिवंतपणी त्याची श्वासनळी बाहेर असते. तिने तो पाणी आत घेतो आणि भक्ष्याचा वासही. आपण फुंकतो ते टोक दुसरे, वेटोळ्याचा शेंडा कापून केलेले. शुभ्र रंगही मूळचा नव्हे. समुद्रातून काढलेल्या शंखावर तपकिरी साल असते, ती खरवडून काढावी लागते.

हा सगळीकडे मिळत नाही. मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, केरळचा दक्षिण किनारा, आणि मग एकदम सौराष्ट्र-कच्छ. मधला आपला कोकण किनारा रिकामा. त्याला किड्यांनी भरलेली मऊ, बारीक वाळू लागते. आपल्या भातसा नि काळू उल्हासला मिळून खाडीत नेतात तो चिखल त्याच्या कामाचा नाही. शिवाय त्याची पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत दूर जात नाहीत. मादी वाळूत अंड्यांची शिंगासारखी वळलेली, कप्प्याकप्प्यांची पिशवी रोवते आणि तिच्यातून इवले शंखच रांगत बाहेर पडतात. जिथे जन्म तिथेच संसार. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या एका प्राण्यावर आणि त्याच्या व्यापारावर आख्खे पुस्तक लिहिले. तूतिकोरिनचे पाणबुडे काढत ते शंख बंगालमध्ये जात आणि तिथे त्यांच्या सवाष्णींच्या बांगड्या होत.

बांगड्यांचा हा शौक आपल्याकडेही जुना. तेर आणि नेवासे इथल्या उत्खननांत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले आहेत. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून देशावर जायची मोठी वाट म्हणजे मुरबाड तालुक्यातला नाणेघाट. वैशाखऱ्याहून चढणारी ही वाट, वर गुहेत नागनिकेचा लेख, माथ्यावर तो दगडी रांजण. सौराष्ट्राचा शंख बैलाच्या पाठीवरून याच वाटेने चढला असावा, असे मला वाटते. मुरबाडच्या माणसाने समुद्राआधी शंख पाहिला असेल तर नवल नाही.

आता उजव्या-डाव्याचा घोळ. शास्त्रज्ञ शेंडा वर धरून पाहतात, पूजेत पन्हळ वर धरतात. म्हणून शास्त्राचा उजवा तो पूजेचा डावा. नेहमीचे शंख सगळे या जातीचे. पूजेतला 'उजवा', म्हणजे उलट्या वेटोळ्याचा, ही जन्मजात विकृती आहे आणि ती लाखांत एखाद्यात दिसते. बाजारात मात्र असे शंख ढिगाने मिळतात. त्यांतले पुष्कळ अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचे. तिथे बुसिकॉन नावाची शिंपल्या खाणारी वेगळीच गोगलगाय आहे. तिच्या एका जातीचे वेटोळे मुळातच उलटे. तिकडे ती किनाऱ्यावर सर्रास सापडते आणि इकडे तीच दुर्मीळ होऊन बसते.

ओळखायची खूण सोपी आहे. शंखाच्या तोंडात बोट घालून मधला खांब चाचपावा. खऱ्या शंखात खांबाला तीन-चार ठसठशीत आडव्या वळ्या लागतात. बुसिकॉनचा खांब गुळगुळीत.

मी बोट घातले. गुळगुळीत. खोटे बोलवेना, म्हणून सांगून टाकले. मुलगा गप्पच झाला. म्हातारीने शंख माझ्या हातून घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "लांबून आलाय ना बाबा? मग राहू दे." आणि तो देव्हाऱ्यात जुन्या डाव्या शंखाशेजारी ठेवला.